बिऱ्हाड कितीदा हलवायचं?

मागच्या पावसाळ्यात मी माझ्याच लॅपटॉपवर एक शब्द शोधत होतो: बिऱ्हाड. आजीच्या आठवणी गेली सहा वर्षं मी तुकड्यातुकड्यानं टाइप करून ठेवतोय. कोणत्या साली कुठल्या वाड्यात त्यांचं बिऱ्हाड होतं, ते मला एका जागी जुळवायचं होतं. शोधाच्या चौकटीत शब्द टाकला. दोन फाइली आल्या. निदान सात-आठ तरी यायला हव्या होत्या. न आलेली एक फाइल हातानं उघडली, तर दुसऱ्याच परिच्छेदात तो शब्द समोर होता. मला दिसत होता, लॅपटॉपला सापडत नव्हता.

तासभराच्या खटपटीनंतर उलगडा झाला. ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरीत साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि मग ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात. युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं मानक, त्यात पहिली तऱ्हा सांगितलेली आहे. दुसरी जुन्या मजकुराशी जमवून घ्यायला म्हणून चालवून घेतलेली आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर ऱ ला स्वतःची कळ आहे, शिफ्ट दाबून जे. पण मधली काही वर्षं मी उच्चाराप्रमाणे टाइप करायची एक मांडणी वापरत होतो, कुठूनतरी उतरवून घेतलेली. त्या काळातले सगळे ऱ्ह आणि ऱ्य दुसऱ्या तऱ्हेचे पडले होते. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर दिसायला एक असलेले दोन ‘बिऱ्हाड’ होते आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

त्या दिवशी मी पहिल्यांदा हिशेब मांडला. त्या सहा वर्षांत याच लॅपटॉपवर मी नऊ वेळा लिनक्सची डिस्ट्रो बदलली होती. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी खुली प्रणाली, आणि डिस्ट्रो म्हणजे तिचं एकेक तयार रूप. उबंटूनं सुरुवात, मग मिंट, मांजारो, फेडोरा, डेबियन, परत मिंट, परत फेडोरा, असं. दर वेळी कारण असायचं. कधी प्रोग्रॅमांची पट्टी डावीकडे हवी असायची. कधी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमांचे तयार गठ्ठे, ताजी हवी असायची, आणि ती अधूनमधून रुसायला लागली की जुनी पण टिकाऊ हवी असायची. प्रत्यक्ष इन्स्टॉल वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. पुढचं कुणी मोजत नाही. मराठी कीबोर्ड परत बसवायचा, फाँट आणायचे, प्रिंटर ओळखवायचा, मेल आणि ब्राउझर पूर्ववत करायचे. शेजारी विंडोज ठेवलं असेल तर तिकडे गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं सापडतं, कारण लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच इथली वेळ समजून वाचतं. हे घड्याळ मी निदान चार वेळा दुरुस्त केलं असेल. एका बदलामागे चार-पाच संध्याकाळी धरल्या तरी चाळीसेक संध्याकाळी गेल्या. आणि नऊ बदलांपैकी एकानंही माझा ऱ्ह दुरुस्त केला नाही. करणारही नव्हता, कारण ती मांडणी माझ्या होम फोल्डरात, म्हणजे माझ्या फाइली आणि सेटिंगा राहतात तिथं, होती आणि प्रत्येक नव्या बिऱ्हाडात ती माझ्याबरोबरच आली.

म्हणून मी आता हे ठामपणे म्हणतो. ज्याला लॅपटॉपवर मराठीत काम करायचंय त्यानं एक डिस्ट्रो निवडावी आणि चार-पाच वर्षं तिथं मुक्काम करावा. नड असेल तर ती जिथून निघते तिथं जाऊन सोडवावी. ज्यांच्याकडे गावातली, नात्यातली माणसं ‘माझ्या लॅपटॉपवर काय टाकू’ म्हणून येतात, त्यांनी तर हे जास्तच पाळावं. त्यांच्या चंचलपणाची किंमत दुसराच कुणीतरी मोजत असतो.

डिस्ट्रो म्हणजे नेमकं काय हे पाहिलं की मी असं का म्हणतो ते कळेल. लिनस टॉरवल्ड्सनं ऑगस्ट १९९१ मध्ये ज्याची घोषणा केली तो होता कर्नल, म्हणजे यंत्राशी बोलणारा गाभा. नुसत्या गाभ्यावर कुणाला पत्रही लिहिता येत नाही. त्याच्याभोवती हजारो छोटे-मोठे प्रोग्रॅम लागतात, आणि ते जगभर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांच्या हातून तयार होतात. ते सगळे गोळा करायचे, एकमेकांशी जुळतील असे बांधायचे, इन्स्टॉल करायची सोय द्यायची आणि पुढे दुरुस्त्या पोचवत राहायचं, हे डिस्ट्रोचं काम. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३ पासून हे करतायत. डेबियनच्या पायावर २००४ मध्ये उबंटू उभी राहिली, उबंटूच्या पायावर २००६ मध्ये मिंट. फेडोराची शाखा वेगळी, तीही २००३ पासूनची. ही मोठी कामं आहेत आणि ती करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ती मुख्यतः गोळा करण्याची आणि पोचवण्याची कामं आहेत.

आता मराठीचं पाहू. देवनागरी अक्षरं जोडून, वेलांटी योग्य जागी बसवून पडद्यावर मांडण्याचं काम जवळपास सगळीकडे हार्फबझ नावाचा एकच प्रोग्रॅम करतो. फायरफॉक्स ब्राउझर, लेखनासाठीचं लिब्रेऑफिस, अँड्रॉइडचे फोन, सगळे त्याच्यावर. आयबस आणि एम-सतरा-एन ही कीबोर्डची जोडी सगळ्या मोठ्या डिस्ट्रोंत तीच आहे. त्यातल्या दुसरीचा उगम जपानमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेतला. लोहित देवनागरी हा फाँट रेड हॅटनं खुला केला आणि बरीच वर्षं त्याची निगा पुण्यातल्या मंडळींनी राखली; आज तो फेडोरातही मिळतो आणि डेबियनमध्येही. शुद्धलेखन तपासणारा हनस्पेल आणि त्याचा मराठी शब्दसंग्रह, तारीख-वार मराठीत दाखवणारी माहिती, लिब्रेऑफिसचं मराठी रूप, हे सगळं असंच सामायिक. पुण्यात पेठ बदलली म्हणून नळाला वेगळ्या धरणाचं पाणी येत नाही. पाण्याबद्दल तक्रार असेल तर खडकवासल्याकडे बघावं लागतं. लिनक्सवाले याला अपस्ट्रीम म्हणतात, म्हणजे उगमाकडची बाजू, आणि मला हा शब्द फार नेमका वाटतो.

अगदी साधं उदाहरण घ्या. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. लिनक्सवर मराठी टाइप करणाऱ्या अनेकांना हिंदी वळणाचा ल दिसतो आणि ‘या डिस्ट्रोत मराठी नीट नाही’ असं म्हणून ते दुसरी टाकतात. तिथंही तोच ल. प्रत्यक्षात बऱ्याच खुल्या फाँटांत दोन्ही वळणं आधीपासून भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं लिब्रेऑफिसला सांगितलं की मराठी वळण पुढे येतं. दोन क्लिकचं काम. ते शोधायला एका जागी थांबावं लागतं, एवढंच.

लिनक्समध्ये जे चांगलं घडलं ते असमाधानी माणसं थांबली म्हणून घडलं, हे मला वारंवार दिसलंय. २०११ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपनं तिसऱ्या आवृत्तीत सगळं रूप पालटलं. खालची पट्टी गेली, मेन्यू गेले. हजारो लोक रागावले आणि इकडून तिकडे पळायला लागले. मात्र अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुन्या ग्नोमचा कोड हाती घेऊन तो जिवंत ठेवला आणि त्याला तिकडच्या एका पेयाचं नाव दिलं, माते. मिंटच्या लोकांनी त्याच नाराजीतून सिनॅमन बांधला. आज यातलं काहीही कुठल्याही डिस्ट्रोवर टाकता येतं. पळालेल्यांनासुद्धा शेवटी याच दोघांच्या कामाचा आसरा मिळाला.

डेबियनचं उदाहरण मला याहून जवळचं आहे. वर्षानुवर्षं डेबियन इन्स्टॉल करताना अनेक लॅपटॉपांचं वायफाय चालायचं नाही, कारण त्यासाठी लागणारं फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपला चालवणारं सॉफ्टवेअर, खुलं नव्हतं आणि तत्त्व म्हणून ते मुख्य प्रतीत घातलं जात नव्हतं. वायफाय नाही म्हणून फर्मवेअर उतरवता येत नाही, आणि फर्मवेअर नाही म्हणून वायफाय नाही. किती जण या एका कारणासाठी डेबियन सोडून गेले असतील. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी यावर रीतसर चर्चा केली, मतदान घेतलं आणि नियम बदलला. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर इन्स्टॉलच्या प्रतीतच येतं. जे आत राहिले, भांडले, मसुदे लिहिले, त्यांनी हा प्रश्न सगळ्यांसाठी सोडवला.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की डिस्ट्रो बदलत राहिल्यानंच आम्ही शिकलो. हे खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. पहिल्यांदा पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, करताना हात थरथरतो, बूट न झालेला लॅपटॉप पेनड्राइव्हवरून परत उभा केला की जो विश्वास येतो तो पुस्तकातून येत नाही. विशीतल्या मुलामुलींनी हे जरूर करावं, दोनदा, तीनदा करावं. पण चौथ्या-पाचव्या वेळी आपण काय शिकतो? पॅकेजं बसवायची आज्ञा एकीकडे ‘एपीटी’ होती, तिकडे ‘डीएनएफ’ आहे, एवढंच. शिकायचंच असेल तर त्याच पॅकेजच्या आत काय आहे, ते कोण बांधतं, त्याच्या तक्रारी कुठे नोंदवतात, हे शिकायला जन्म पुरणार नाही.

यंत्रामुळे बदलावं लागलं तर तेही रास्तच. डेबियननं ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलची सोय बंद केली. ज्यांच्याकडे तसा संगणक आहे त्यांना दुसरी वाट शोधावीच लागेल.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे. डिस्ट्रोच आपल्याला सोडून गेली तर? हे झालेलं आहे. सेंटओएस या डिस्ट्रोची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाईल या भरवशावर असंख्य लोकांनी सर्व्हर उभे केले. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. सात वर्षांहून जास्त काळ एका दिवसात कापला गेला. त्यातून पुढे रॉकी आणि अल्मा या डिस्ट्रो निघाल्या, लोक सावरले, पण धडा उरला. कुठल्याही एका ठिकाणी डोळे मिटून राहता येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणून निघण्याची तयारी सदैव ठेवायची. ती कशी ठेवायची, याबद्दल पुढे लिहितो. तयारी ठेवणं आणि रोज उठून सामान बांधणं यांत फरक आहे.

आता हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या हौशी माणसांचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीच्या दुरुस्त्या देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप, ज्यांचा पडदा, कीबोर्ड, सगळं धडधाकट आहे, ते या दाराबाहेर उभे आहेत. तालुक्याच्या गावात असे लॅपटॉप घरोघर आहेत. शिक्षकांकडे, झेरॉक्सच्या दुकानात, पतसंस्थेच्या टेबलावर. आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी घातली की ते लिनक्सवर आणखी पाच वर्षं आरामात चालतील. मी अशी बरीच यंत्रं मार्गी लावली आहेत. आणि त्यातच माझ्या हातून जे चुकलं ते सांगायला हवं.

आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका त्यांचा २०१४ सालचा लॅपटॉप घेऊन आल्या. मी तेव्हा ज्या डिस्ट्रोवर होतो तीच त्यांना टाकून दिली. तीन महिन्यांनी माझं मन दुसरीवर बसलं होतं. त्या प्रिंटरची किरकोळ अडचण घेऊन आल्या आणि मी सगळंच बदलून दिलं. वर्ष संपायच्या आत तिसरी. तिसऱ्या वेळी लॅपटॉप हातात घेताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “दादा, एक सांगू? आता परत बदलू नका. मराठी कुठून चालू होतं ते आत्ता कुठं हाताला बसलं होतं. परवा प्रश्नपत्रिका काढायची होती, मी अर्धा तास ते बटणच शोधत बसले.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, विनंती होती, आणि म्हणूनच ते मला लागलं. एका कामकरी बाईच्या दिवसातला अर्धा तास मी माझ्या हौसेपायी घालवला होता. ज्याला यंत्राशी खेळायचं नाही, यंत्रावर काम करायचंय, त्याची सगळी गती हाताच्या सवयीत असते. ती सवय मोडण्याचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

केरळकडे बघताना मला हेच जाणवतं. तिथं शाळांसाठीचा ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ नावाची सरकारी कंपनी झाली. शाळांसाठी उबंटूवर आधारलेली एकच डिस्ट्रो ठरवली गेली, शिक्षकांचं प्रशिक्षण तिच्यावर झालं, मुलांची पुस्तकं तिच्यावर लिहिली गेली. दुसरीकडे ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ या स्वयंसेवी गटानं २००२ पासून उगमाकडचं काम धरलं. त्यांचे मीरा, मंजरी असे फाँट आज डेबियनच्या आणि फेडोराच्या भांडारात आहेत. एका बाजूला लाखो मुलं एका घरात स्थिर, दुसऱ्या बाजूला मोजकी माणसं भाषेचा पाया पक्का करतायत. मल्याळी लिपी देवनागरीपेक्षा सोपी नाही आणि मलयाळम बोलणारे मराठी बोलणाऱ्यांपेक्षा संख्येनं कितीतरी कमी. त्यांना जमलं ते आपल्याला का जमू नये?

आता निघण्याच्या तयारीबद्दल. इन्स्टॉल करताना होम साठी वेगळं पार्टिशन ठेवावं, हा जुना सल्ला आजही खरा आहे. पण त्यावर विसंबून राहू नये. होम फोल्डरात आपल्या फाइलींबरोबर प्रत्येक प्रोग्रॅमच्या लपलेल्या सेटिंगाही राहतात, आणि त्या नव्या घरात भांडतात. फायरफॉक्सचंच घ्या. ताज्या आवृत्तीची डिस्ट्रो सोडून जुनी आवृत्ती देणाऱ्या डिस्ट्रोत गेलात, तर जुना फायरफॉक्स नव्यानं लिहिलेलं प्रोफाइल उघडायला नकार देतो. त्यामुळे खरी राखण बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीची, आणि दर काही दिवसांनी ती प्रत उघडून पाहण्याची.

मात्र माणसाला खरोखर अडकवतं ते फाइलीच्या आतलं. त्या शिक्षिकांकडे आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या, सगळ्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटात केलेल्या. लिनक्सवर उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, टक्केचिन्हं यांचा चिखल. त्या फाँटांत मराठी अशी नसतेच. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा तुकडा रंगवलेला असतो, आणि तो विशिष्ट फाँट नसला की सोंग उतरतं. महाराष्ट्रभर छापखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत अशा मजकुराचे डोंगर आहेत. पत्रिका, अहवाल, ठराव, कुणाच्या आयुष्यभराच्या कविता. आम्ही तीन रविवार बसून त्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणल्या, रूपांतर करणारा प्रोग्रॅम जिथं रफार चुकवायचा तिथं हातानं. त्यानंतर त्या बाई कुठल्याही डिस्ट्रोत, विंडोजमध्ये, फोनवर, कुठंही जायला मोकळ्या झाल्या. डिस्ट्रो बदलायचं स्वातंत्र्य त्यांना मी दिलेल्या तीन डिस्ट्रोंनी दिलं नव्हतं. ते त्या तीन रविवारांनी दिलं. ज्यांना मराठीसाठी संगणकावर काही करायचंय त्यांनी आपल्या ओळखीच्या एका माणसाचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून द्यावा, एवढं मी हात जोडून सांगेन.

आणि उगमाकडचं काम. ते अवघड असेल अशी भीती असते, म्हणून मी काय केलं ते सांगतो. एम-सतरा-एनची कीबोर्ड मांडणी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक ओळीत डावीकडे कळ, उजवीकडे अक्षर. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी ती वाचता येते. मी वापरत होतो त्या मांडणीत ज्या चार ओळी र नंतर ते अदृश्य जोडचिन्ह घालत होत्या त्या शोधल्या, तिथं ऱ घातला, फाइल साठवली. मग जुन्या फाइलींची प्रत काढून ठेवली आणि एका ओळीच्या आज्ञेनं सगळ्या फाइलींतले जुने ऱ्ह आणि ऱ्य बदलले. मांडणी ज्यांनी केली होती त्यांना सात-आठ ओळींचं पत्र लिहिलं: काय दाबलं, काय साठवलं गेलं, काय साठवायला हवं होतं, आणि शोधताना काय अडतं. इंग्रजीत लिहावं लागतं, हे खरं, आणि त्यामुळेच पुष्कळ मराठी माणसं कचरतात. साधं, मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. चूक परत घडवून पाहता येईल इतकी स्पष्ट मांडली असली की पुरे. जोडीला एखादा पडद्याचा फोटो. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पॉन्टून या संकेतस्थळावर केलं जातं, लिब्रेऑफिसचं आणि फेडोराचं वेबलेटवर. तिथं तर एकेक वाक्य सुटं असतं, चहा होईस्तोवर पाच होतात.

एक अक्षर मिळवायलाही अशीच चिकाटी लागते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, ५.१ या आवृत्तीत. तोवर आपण अ ला वरून चंद्र जोडून किंवा हिंदीचा ऍ उसना घेऊन ॲसिड आणि ॲल्युमिनियम लिहीत होतो. मराठीला हे स्वतंत्र अक्षर लागतं, असं कुणीतरी बसून, पुराव्यासह, प्रस्तावात लिहिलं म्हणून आज ते प्रत्येक फोनवर आहे. डिस्ट्रो बदलून ते आलं नसतं. आणि काम संपलेलंही नाही, कारण जुन्या पद्धतीनं लिहिलेले ॲ अजून सगळीकडे पसरलेले आहेत आणि शोधणारे बरेचसे प्रोग्रॅम दोन्हींना एक मानत नाहीत. ऱ्ह चं तेच. शोध घेताना दोन्ही रूपं एक धरली जावीत, ही मागणी मराठी माणसानंच लावून धरायला हवी.

माझ्या लॅपटॉपवर आता वर्षभर एकच डिस्ट्रो आहे. ती कुठली हे मुद्दाम सांगत नाही, कारण लगेच वाद त्याच्यावरच सुरू होतो. नवी आवृत्ती कुणाची आली की अजूनही हात पेनड्राइव्हकडे जातो. पेनड्राइव्हवरूनच, इन्स्टॉल न करता, संध्याकाळभर पाहून घेतो आणि परत आपल्या कामाला लागतो.

शिक्षिकांच्या लॅपटॉपवर मिंट २२ आहे. त्याला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, तोवर मी त्याला हात लावणार नाही असं त्यांना सांगितलंय. मागच्या रविवारी आम्ही दोघांनी बसून एक यादी टाइप केली आणि त्यांच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत एकेक शब्द शोधला. बिऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, वाऱ्यावर, ॲसिड. सगळे जिथं असायला हवे तिथं सापडले. ‘कऱ्हाड’ मात्र चौथीच्या परिसर अभ्यासाच्या तीन पत्रिकांत अजून जुन्याच तऱ्हेचं निघालं. त्या तीन पत्रिका त्यांनी वेगळ्या फोल्डरात काढून ठेवल्या आहेत.